नाव कुठे लिहावे?
आमच्या वारूळवाडीहून जुन्नरमार्गे नाणेघाटात जा. तिथे जकातीचा म्हणून सांगतात तो दगडी रांजण आहे, आणि लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख. तो इतिहास. पण १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने अजिंठ्याच्या लेण्यात आपले नाव कोरले, ती हौस अजून सरलेली नाही.

मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढली. लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मरने ओरेगॉनच्या रानात वही-पेन्सिलीसह बादली लपवली, अक्षांश-रेखांश जाहीर केले. जिओकॅशिंगचा खेळ तिथून सुरू झाला. मोबाइलवर ठिकाण शोधा, वहीत नाव लिहा, डबा होता तसा ठेवा. लेण्यात मात्र काही लपवू नका.

मी कवी, नाव मागे उरावे ही भूक मला ठाऊक आहे. तिला वही पुरते.