चित्रपटाचा शेवट व मराठवाड्यातील प्रेक्षक

चित्रपटाचा शेवट : चित्रपटातील कथानकाचे धागे ज्या प्रसंगात किंवा प्रसंगमालिकेत एकत्र येतात व कथेतील संघर्षाचा निकाल लागतो, त्या भागास सामान्यतः शेवट म्हणतात. शेवटाने प्रेक्षकाची निराशा होणे ही घटना चित्रपटाइतकीच, किंबहुना नाटकाइतकीच, जुनी आहे. तथापि ही निराशा एकाच जातीची नसते. नायकनायिकांच्या वाट्याला दुःख आले म्हणून प्रेक्षक खिन्न होतो, ती एक अवस्था. आणि कथेने जे उभे केले ते शेवटी टाळले, बदलले वा उगाच जुळवून दिले म्हणून तो फसवला जातो, ती दुसरी. पहिलीत प्रेक्षक रडतो, दुसरीत रुसतो. नांदेड व लातूर या मराठवाड्यातील जिल्ह्यांच्या संदर्भात हा भेद विशेष अर्थपूर्ण ठरतो, कारण येथील प्रेक्षकाची शेवटाविषयीची अपेक्षा अनेक भाषांच्या व अनेक कलाप्रकारांच्या संस्कारांतून घडलेली आहे.

भरताच्या नाट्यशास्त्रात कथावस्तूच्या पाच संधी सांगितल्या असून त्यांतील अखेरचा तो निर्वहण. विखुरलेले अर्थ येथे एकवटतात व नायकाला फलप्राप्ती होते. या ठिकाणी अद्‌भुत रसाची योजना करावी, असाही निर्देश आहे. भासाच्या ऊरुभंगासारखे अपवाद सोडता संस्कृत नाटक सुखान्तच राहिले. या शास्त्राचा चिकित्सक अभ्यास करणाऱ्या आधुनिक मराठी विचारवंतांत नरहर कुरुंदकर (१९३२–८२) यांचे नाव अग्रगण्य असून नांदेडचे पीपल्स कॉलेज ही त्यांची कर्मभूमी होती. ग्रीक परंपरेत ॲरिस्टॉटलने सज्जनास बक्षीस व दुर्जनास शिक्षा देणाऱ्या दुहेरी शेवटास दुय्यम स्थान दिले. अशा शेवटाला जो मान मिळतो तो प्रेक्षकांच्या दुबळेपणामुळे आणि कवी त्यांच्या इच्छेमागे जातात म्हणून, असे त्याचे मत होते. प्रेक्षकाला दुबळे म्हणण्याची ही रीत पुढे चित्रपट-व्यवसायानेही उचलली. मराठवाड्यातील अनुभव मात्र या मताला पुरता दुजोरा देत नाही.

नांदेड व लातूर हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्या वेळी आदिलाबाद जिल्ह्यातील किनवटचा भाग नांदेडला जोडला गेला, तर मुधोळ नांदेडपासून तुटून आंध्राकडे गेले. लातूर जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबादमधून वेगळा झाला. देगलूर, बिलोली, धर्माबाद, किनवट या सीमेवरील तालुक्यांत तेलुगू घराघरांत बोलली जाते, उदगीर–देगलूर पट्ट्यात कन्नड कानांवर पडते, आणि उर्दू तर संस्थानी काळात शाळा-कचेऱ्यांची भाषाच होती. मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावरील नांदेड व विकाराबादकडे जाणाऱ्या मार्गावरील उदगीर यांना मुंबईपेक्षा हैदराबाद कितीतरी जवळचे. परिणामी येथील प्रेक्षकाला मराठी, हिंदी व तेलुगू या तिन्ही चित्रपटसृष्टींचे शेवट परिचयाचे झाले.

चित्रपटाच्या आधीचे संस्कार कीर्तनाचे व तमाशाचे. कीर्तनकार आख्यान कितीही करुण रंगवो, अखेरीस तो पूर्वरंगातील मूळ पदाकडे परततो व आरतीने कथा मिटते. तमाशातही वग कोठेही भरकटला तरी शेवटी मुजरा होतोच. कथा ऐकणाऱ्याला घरी परतताना हाती काही तरी द्यावयाचे, हा दोहोंतील अलिखित करार होय. भारतीय चित्रपटाने तो प्रारंभापासून पाळला. दादासाहेब फाळके यांचा राजा हरिश्चंद्र (१९१३) हा मूकपट व प्रभात कंपनीचा अयोध्येचा राजा (१९३२) हा पहिला मराठी बोलपट, हे दोन्ही एकाच कथेवरचे. आणि त्या कथेतील सर्व हालअपेष्टा ही केवळ परीक्षा होती, असे शेवटी देवच येऊन सांगतो. संत तुकाराम (१९३६) मध्ये तुकाराम गरुडाच्या वाहनातून वैकुंठास जातात. हा तर निर्वहणातील अद्‌भुताचा वस्तुपाठच. पण खाली संसार सांभाळत उरते ती आवली, आणि चित्रपटाची खरी व्यथा तिच्यापाशी थांबते.

खेडोपाडी हे चित्रपट पोहोचले ते मुख्यतः तंबूतील फिरत्या खेळांतून. मार्गशीर्षात लोहा तालुक्यातील माळेगावी भरणारी खंडोबाची यात्रा, महाशिवरात्रीची लातूरची सिद्धेश्वराची यात्रा यांसारख्या जत्रा म्हणजे करमणुकीच्या फिरत्या व्यवसायांचा हंगाम. कनातीने वेढलेली जागा, मालमोटारीवर बसविलेले प्रक्षेपणयंत्र, जमिनीवर मांडी घालून बसलेले प्रेक्षक, असे तंबूतील खेळाचे स्वरूप असे. शहरांत चालून चालून झिजलेल्या प्रती अशा खेळांना मिळत. फितीची झीज सर्वाधिक होते ती प्रत्येक रिळाच्या आरंभी व अंती; तुटलेला भाग कापून उरलेला जोडला जाई व त्यासरशी दृश्यांचे तुकडे कायमचे नाहीसे होत. शेवटच्या रिळाचा शेवट तर सर्वांत उपेक्षित, कारण ‘समाप्त’ची पाटी येण्यापूर्वीच लोक उठू लागत. नायिकेचे पुढे काय झाले याचा उलगडा न होताच दिवे लागणे, ही शेवटाने होणाऱ्या निराशेची अगदी साधी तऱ्हा झाली. तिचा दोष ना लेखकाकडे जातो ना दिग्दर्शकाकडे.

शेवट जुळवून देण्याची खरी अडचण सामाजिक विषयांत दिसून आली. गो. ब. देवल यांच्या संगीत शारदा (१८९९) या नाटकात म्हाताऱ्याशी ठरलेले लग्न मोडते व शारदेला तरुण वर मिळतो. हाच प्रश्न व्ही. शांताराम यांनी कुंकू (१९३७) मध्ये ना. ह. आपटे यांच्या न पटणारी गोष्ट या कादंबरीवरून मांडला, तेव्हा नीरेचे लग्न होऊन चुकलेले असते. ती हे लग्न मनाने कधीच स्वीकारीत नाही. तिचा विरोध इतका ठाम की त्यातून वाट काढणे कथाकारास अवघड जावे. अखेरीस वृद्ध काकासाहेबांना पश्चात्ताप होतो, ते आत्महत्या करतात व तिने पुन्हा विवाह करावा अशी इच्छा पत्रात लिहून ठेवतात. शांता आपटे यांनी उभी केलेली नीरा ज्या बळाने लढते, त्या मानाने हा शेवट उणा वाटतो. तिची सुटका तिच्या लढ्याने न होता दुसऱ्याच्या मरणाने होते.

याउलट शोकान्त शेवट मराठी प्रेक्षकाने नाकारला, असे म्हणता येत नाही. रा. ग. गडकरी यांच्या निधनानंतर १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या एकच प्याला या नाटकात सिंधू व सुधाकर दोघांचाही अंत होतो, तरी ते मराठीतील अत्यंत लोकप्रिय नाटकांपैकी एक ठरले. शांताराम यांच्याच पिंजरा (१९७२) मध्ये गावाला आदर्श वाटणारा मास्तर स्वतःच्याच खुनाच्या आरोपावरून फाशीची शिक्षा पतकरतो, कारण आपले पतन उघड झाल्यास गावाची श्रद्धा मोडेल. तमाशाप्रधान चित्रपटाचा इतका कडू शेवट असूनही तो उदंड चालला. शेवट कडू होता, पण कथेतूनच आलेला होता.

जब्बार पटेल यांच्या सिंहासन (१९७९) मध्ये सत्तेचा खेळ संपतो तेव्हा मुख्यमंत्री आपल्या जागी असतोच; भ्रमिष्ट होतो तो सारे पाहणारा पत्रकार. उंबरठा (१९८२) मधील सुलभा घर सोडून निघते व चित्रपट तिला कोठेही पोहोचवीत नाही. अशा अपुऱ्या ठेवलेल्या शेवटांबद्दल ‘मग पुढे काय?’ असा प्रश्न प्रेक्षक विचारतो. तो प्रश्न तक्रार म्हणून विचारला जातो, हे खरे. पण चित्रपटानंतर बराच काळ टिकतो तोही तोच.

शेवट बदलण्याचा दबाव प्रेक्षकांखेरीज इतरांकडूनही येतो. इंग्लंडमध्ये नेहम टेटने १६८१ मध्ये शेक्सपिअरच्या किंग लिअरला सुखान्त जोडला व सुमारे दीडशे वर्षे रंगभूमीवर तोच चालला. जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊ याच्या १९२४ च्या मूकपटात पदावरून उतरविलेल्या दरवानाला शेवटी अकस्मात वारसाहक्काने संपत्ती मिळते, आणि असे प्रत्यक्षात घडत नाही, अशी कबुली चित्रपट स्वतःच पाटीवर देतो. भारतातील सुपरिचित उदाहरण शोले (१९७५) चे. मूळ शेवटात ठाकूर बलदेवसिंग खिळे लावलेल्या जोड्यांनी गब्बरला ठार करतो. आणीबाणीच्या त्या दिवसांत माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हाती घ्यावा, हे परीनिरीक्षण मंडळास मान्य झाले नाही. नवा शेवट चित्रित करावा लागला. त्यात ऐन वेळी पोलीस येऊन त्याला अडवितात. कोट्यवधी प्रेक्षकांनी हाच शेवट पाहिला. संपूर्ण चित्रपटात ज्या गावात पोलीस फिरकत नाहीत तेथे ते अखेरच्या क्षणी कसे उगवतात, हे कोडे त्यांनी बिनतक्रार स्वीकारले. मूळ शेवटासह सिद्ध केलेली जीर्णोद्धारित प्रत २०२५ मध्ये इटलीतील बोलोन्या येथे दाखविण्यात आली.

तेलुगू चित्रपटाने सीमेपलीकडून दिलेले उदाहरण वेगळे आहे. के. बालचंदर यांच्या मरो चरित्र (१९७८) या चित्रपटात शेजारी राहणारे तमिळ युवक व तेलुगू युवती भाषाभेदामुळे घरच्यांनी घातलेली वर्षभराच्या विरहाची अट पाळतात व तिच्या अखेरीस मृत्यू पावतात. त्याच दिग्दर्शकाने एक दूजे के लिए (१९८१) या नावाने तो हिंदीत केला, शेवट तसाच ठेवला आणि तो चित्रपटही अतिशय यशस्वी झाला. दोन भाषांच्या सीमेवर नांदणाऱ्या देगलूर–बिलोलीकडच्या माणसाला या कथेतील अडसर समजावून सांगावा लागत नाही.

या सर्व इतिहासाचे वळण ज्या एका चित्रपटात दिसते, तो नागराज मंजुळे यांचा सैराट (२९ एप्रिल २०१६). त्यांच्या आधीच्या फँड्री (२०१३) चा शेवट प्रेक्षकाच्या दिशेने भिरकावलेल्या दगडाने होतो. सैराटची मांडणी अधिक फसवी आहे. पूर्वार्धात करमाळा परिसरातील उच्चजातीय पाटलाची मुलगी अर्ची व कोळी जातीतील परश्या यांचे प्रेम अजय-अतुल यांच्या संगीतासह, रूढ प्रेमपटांच्या सर्व खुणा वापरून रंगविले आहे. उत्तरार्धात दोघे पळून हैदराबादला जातात. मुंबई वा पुण्याकडे न जाता हैदराबादची निवड होणे नांदेड-लातूरच्या प्रेक्षकास मुळीच नवलाचे नाही. येथील माणसाने पोटासाठी धरलेली ती जुनीच वाट आहे. झोपडपट्टीतील खोली, बाटलीबंद पाण्याच्या कारखान्यातील काम, डोशाची गाडी, हळूहळू कानावर बसणारी तेलुगू, भांडणे, समेट, मूल, नवे घर, असा हा भाग सावकाश पुढे सरकतो. संसार मार्गी लागला, असे प्रेक्षकास वाटू लागते. माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात, चहापाणी होते. शेजारणीबरोबर बाहेर गेलेले मूल परतते तेव्हा आईबाप मारले गेलेले असतात. रक्तात उमटलेली त्याची पावले दिसतात व पडद्यावरचा आवाज पूर्णपणे थांबलेला असतो.

महाराष्ट्रभर प्रेक्षक या शेवटानंतर निःशब्दपणे बाहेर पडले. ‘त्यांना जगू द्यायला हवे होते’ ही त्यावरची सर्वांत सार्वत्रिक प्रतिक्रिया. तरीही सैराट हा सुमारे शंभर कोटी रुपयांचे उत्पन्न मिळविणारा पहिला मराठी चित्रपट ठरला, आणि शेवट ठाऊक असूनही लोक तो पुनःपुन्हा पाहण्यास गेले. ज्या पूर्वार्धातील गाण्यांवर चित्रपटगृहात लोक नाचले, त्याच गाण्यांच्या बळावर शेवटाचा आघात उभा आहे. पूर्वार्ध इतका गोड नसता तर ती शांतता इतकी जड झाली नसती. प्रेक्षकाची येथे निराशा झाली ती आशेची. कथेने त्याला फसविलेले नाही. परगावात माग काढून जिवे मारण्याचे प्रकार त्याने वृत्तपत्रांत वाचलेले असतात, ते पडद्यावर येणार नाहीत एवढीच त्याची समजूत होती.

हिंदी रूपांतर धडक (२०१८) राजस्थानातील उदयपूरमध्ये घडते. त्यात शेवट बदलला आहे : तरुण व बालक मारले जातात आणि तरुणी जिवंत राहून आक्रोश करते. एक जीव वाचला, पण मूळ शेवटातील धार गेली. मराठीत ज्या मुलाच्या पावलांनी चित्रपट संपतो, त्यालाच हिंदीत मारले. त्यामुळे मागे उरलेल्या पिढीचे काय, हा मुद्दाच नाहीसा झाला.

सैराट हा शब्द पुढे मराठी वृत्तपत्रांनी जातीच्या वा घराण्याच्या प्रतिष्ठेपायी होणाऱ्या हत्यांसाठी विशेषणासारखा वापरण्यास सुरुवात केली. २०१७ मध्ये नांदेड जिल्ह्यात एका तरुणाने आपली बहीण व तिचा प्रियकर यांची हत्या केली, तेव्हा तिचे वर्णनही याच शब्दाने झाले. भोकरच्या न्यायालयाने २०१९ मध्ये त्यास फाशीची शिक्षा सुनावली. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ती जन्मठेपेत बदलली.