शेवटचा सात कुठे गेला?

आज सांगणार आहे ती गोष्ट आपल्या ग्रामसंघाच्या लॅपटॉपवरच्या तक्त्याची. बी.ए.ला माझा विषय इतिहास होता. त्यामुळे एखादी गोष्ट छळायला लागली की ती आली कुठून, कुणी काढली, हे शोधायची मला खोड आहे. हा तक्ता मला कित्येक वर्षं छळतोय, पण त्याचा इतिहास शोधायची वेळ आणली ती एका साताच्या आकड्यानं.

दोन वर्षांपूर्वी एका गटातल्या बाराजणींची यादी वर पाठवायची होती. नाव, बँक, खाते क्रमांक. व्याजाची रक्कम थेट खात्यावर येणार होती. यादी भरली आमच्या लेखापाल ताईनं. शिक्षण दहावी, अक्षर मोत्यासारखं आणि रोजकीर्द अशी की तपासायला आलेला माणूस पान उलटायचं विसरतो. पैसे अकराजणींना आले. बारावीला नाही. ती एकटी बाई, पेरणीच्या तोंडावर त्या पैशांकडे डोळे लावून बसलेली. चौकशी केली तर खाते क्रमांक चुकलेला. बाकीच्यांची खाती अकरा आकडी होती, हिचं दुसऱ्या बँकेत, सोळा आकडी. शेवटी सात हवा होता, यादीत होता शून्य.

मी भर बैठकीत म्हणाले, "ताई, भरताना जरा बघत जा गं." सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन आली. वहीत सात होता, ठळक. मग तिनं माझ्यासमोर लॅपटॉप उघडला, सोळा आकडे मोजून दाबले, शेवटी सात. एंटर मारलं. साताचा शून्य झाला. परत सात, परत शून्य. ती काही भांडली नाही. लॅपटॉपची पिशवी माझ्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "मॅडम, मी वहीच लिहीन. हे दुसऱ्या कुणाला द्या."

त्या रात्री मला झोप लागली नाही. मग शोधायला बसले.

आपल्याकडे रोजकीर्द आणि खतावणी, तशी अमेरिकेतल्या हिशेबनिसांकडे मोठी रुंद वही असायची. समोरासमोरची दोन्ही पानं पसरून त्यावर ओळी आणि रकाने आखायचे. पसरलेला कागद म्हणून स्प्रेडशीट. त्या वहीचा त्रास आपल्याला नवा नाही. मधला एक आकडा बदलला की खालची बेरीज बदलते, मग पुढच्या पानावरची, मग वर्षाची. सगळं खोडायचं आणि परत मांडायचं.

१९७८ साली हार्वर्डच्या व्यवसाय शिक्षणाच्या शाळेत डॅन ब्रिकलिन नावाचा विद्यार्थी बसला होता. फळ्यावर सर असाच तक्ता मांडत होते. एक आकडा बदलायचा तर त्याच्यावर अवलंबून असलेले बाकीचे सगळे पुसून नव्यानं लिहावे लागत. ब्रिकलिनला वाटलं, असा फळा असावा जो एक आकडा बदलला की बाकीचे आपोआप बदलेल. त्याचा मित्र बॉब फ्रँकस्टन यानं माळ्यावरच्या खोलीत बसून तो प्रोग्राम लिहिला. नाव ठेवलं व्हिजिकॅल्क. १९७९ मध्ये तो ॲपल टू या संगणकासाठी विकायला आला. ६३ रकाने, २५४ ओळी, एवढाच त्याचा पसारा. पण आठवडाभराची खोडाखोड काही क्षणांत व्हायला लागली. तो प्रोग्राम वापरता यावा म्हणून व्यापारी लोक संगणक विकत घ्यायला लागले.

म्हणजे ही वस्तू जन्मली बेरजा-वजाबाक्यांसाठी. तिच्या पोटात एक समजूत आहे: आकडा दिसला की तो हिशेबाचाच. आता सांगा, खाते क्रमांकाची बेरीज कोण करतं? तो आकड्यांत लिहिलेला असला तरी ते नाव आहे. पण तक्त्याला ते कळत नाही. सुरुवातीला शून्य असेल तर तो निरुपयोगी म्हणून काढून टाकतो. संख्या फार लांब असेल तर मध्येच ई आणि अधिकचं चिन्ह घालून आखूड करतो. आणि सोळाव्या आकड्याचं असं आहे, की हे तक्ते पंधरा आकडेच नीट लक्षात ठेवतात. पंधरा आकडे म्हणजे शंभर लाख कोटी रुपयांचा हिशेब. एवढी रक्कम मोजताना शेवटचे काही रुपये इकडचे तिकडे झाले तरी कोण विचारतो? पण खाते क्रमांकाचा शेवटचा आकडा म्हणजे घर नंबर. तो बदलला की पत्र भलत्याच दारात. माझा राग याचा आहे की तक्ता हे करताना एक अक्षर बोलत नाही.

पुढची गोष्ट तारखांची. १९८३ मध्ये लोटस वन टू थ्री नावाचा तक्ता बाजारात आला. तो काढणारा मिच केपोर आधी ध्यान शिकवायचा, कंपनीचं नाव त्यानं पद्मासनावरून घेतलं. (आपलं पद्मासन कुठे जाऊन बसेल, सांगता येत नाही.) या तक्त्यात तारीख म्हणजे एक आकडा. १ जानेवारी १९०० हा दिवस पहिला, तिथून एकेक दिवस मोजत यायचं. म्हणून कधी कधी बैठकीची तारीख लिहिलेल्या जागी ४५३६३ असं काहीतरी दिसतं आणि आपण दचकतो. ते बिघडलेलं नसतं. १२ मार्च २०२४ हा त्या मोजणीतला ४५३६३ वा दिवस. रकान्याला तारखेचं रूप दिलं की तारीख परत येते.

या मोजणीत लोटसनं एक चूक केली. १९०० हे लीप वर्ष धरलं. त्या वर्षी २९ फेब्रुवारी नव्हतीच. शतकाच्या वर्षाला चारशेनं पूर्ण भाग गेला तरच ते लीप, म्हणून २००० होतं, १९०० नव्हतं. मायक्रोसॉफ्टनं १९८५ मध्ये एक्सेल आणलं तेव्हा लोक लोटसवर होते. त्यांचे जुने तक्ते एक्सेलमध्ये जसेच्या तसे उघडावेत म्हणून ती चूक जाणूनबुजून तशीच ठेवली. आजही एक्सेलमध्ये २९ फेब्रुवारी १९०० ही कधी न उगवलेली तारीख आहे. सासूबाईंच्या काळात कुणीतरी दार चुकीच्या बाजूला काढलं आणि आता भिंत कोण पाडणार, म्हणून घर तसंच चाललंय, तसं हे.

अमेरिकेत महिना आधी लिहितात, दिवस नंतर. लॅपटॉपची मांडणी अमेरिकेची राहिली असेल तर आपण १२/०३ लिहितो १२ मार्चसाठी, आणि तो समजतो ३ डिसेंबर. पण १३/०३ लिहिलं तर तेरावा महिना नसतो, म्हणून तो ते साधा मजकूर समजून सोडून देतो. परिणाम असा की महिन्याच्या बारा तारखेपर्यंतच्या नोंदी उलटतात आणि तेरापासूनच्या सरळ राहतात. कर्जाच्या हप्त्यांची यादी तारखेनं लावली की अर्ध्या बायका थकबाकीदार दिसतात. हे माझ्या हातून झालेलं आहे. दुरुस्ती तक्त्यात नाही, लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये आहे. तिथे भारत निवडायचा.

आपणच फसतो असं समजू नका. माणसाच्या शरीरातल्या काही जनुकांची इंग्रजी नावं मार्च आणि सप्टेंबर महिन्यांसारखी दिसायची. शास्त्रज्ञांनी नाव लिहिलं की एक्सेल त्याची तारीख करून टाकायचं. वर्षानुवर्षं लेखांत या चुका छापल्या गेल्या. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीनंच माघार घेतली आणि जनुकांची नावं बदलली. मला हे वाचून हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं.

आणखी एक सांगते, कारण ही चूक आपल्या प्रत्येक गटात होते. नवीन सभासद आली की आपण तिचं नाव यादीच्या खाली घालतो, पण बेरजेचं सूत्र जुन्याच ओळीपर्यंत थांबलेलं असतं. तिची बचत वहीत दिसते, एकूणात दिसत नाही. २०१० साली कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामवंत अर्थतज्ज्ञांनी देशांच्या कर्जावर लेख लिहिला. सरकारी खर्च कमी करा म्हणणाऱ्या पुढाऱ्यांनी अमेरिकेत आणि युरोपात त्याचा दाखला दिला. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन नावाच्या विद्यार्थ्यानं अभ्यासासाठी तो हिशेब परत मांडून पाहिला. जुळेना. त्यानं लेखकांकडून मूळ तक्ता मागवला आणि बघितलं, तर सरासरीचं सूत्र पाच ओळी आधीच थांबलेलं. वीस देशांच्या यादीतले पाच देश सुटले होते. हिशेबात इतरही मतभेद निघाले. ओळी सुटल्याचं लेखकांनी मान्य केलं, मुख्य म्हणणं टिकतं असं मात्र ते सांगत राहिले. मोठ्या विद्यापीठातली माणसं, आणि चूक आपल्या गटातली.

हे सगळं मी लेखापाल ताईला सांगितलं. ज्या बैठकीत तिला बोलले होते, त्याच गटाच्या पुढच्या बैठकीत उभी राहून सांगितलं की चूक तिची नव्हती आणि मी न बघता बोलले. बाराव्या बाईचे पैसे नवी यादी पाठवल्यावर आले, पण पेरणी तोवर उसनवारीवर झाली होती.

पिशवी ताईनं लगेच परत नेली नाही. महिनाभर ती माझ्याकडेच होती. मग एक दिवस मी तिला एंटरच्या डाव्या हाताचं बटण दाखवलं, अक्षराच्या डोक्यावर बारीक टिंबासारखी खूण येते ते. खाते क्रमांक लिहायच्या आधी ती खूण दिली की तक्ता त्याला संख्या समजत नाही, लिहिलं तसं ठेवतो. ही खूणही त्या पद्मासनवाल्या लोटसपासून चालत आलेली आहे. मात्र ती आधीच द्यावी लागते. साताचा शून्य झाल्यावर दिली तर सात परत येत नाही.

ताईनं सोळा आकडे टाकले, शेवटी सात. एंटर मारलं. सात राहिला. तिनं वही उघडून आकडे एकेक करून ताडून पाहिले, दोनदा. आता आमच्या ग्रामसंघात त्या खुणेला टिकली म्हणतात. यादी पाठवायच्या आधी ती बायकांना विचारते, "टिकली लावली का सगळ्यांना?" आणि तरीही वहीवर बोट ठेवून एकजण आकडे मोठ्यानं वाचते, दुसरी पडद्यावर बघते.