अल्पायुषी मालिकांचा दुसरा जन्म



या व्याख्यानाचा विषय कार्यक्रमपत्रिकेत छापून आला, तेव्हा दोघातिघांनी मला वाटेत थांबवून विचारले, "कामगार चळवळीतल्या माणसाला अमेरिकेतल्या बंद पडलेल्या टेलिव्हिजन मालिकांशी काय कर्तव्य?" प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की, राज्यांना जसा इतिहास असतो तसा मालालाही असतो. मालाचा इतिहास सांगताना तो कोणी घडविला, कोणी विकला, कोणी जपला आणि त्याचा पैसा कोणाच्या पदरात पडला, हे चार प्रश्न विचारावेच लागतात. गेली तीस वर्षे मी ते कारखान्यांच्या दाराशी विचारीत आलो. आज तेच प्रश्न एका निराळ्या मालाविषयी विचारावयाचे आहेत, इतकेच.

प्रथम त्या धंद्याची रीत ध्यानात घेतली पाहिजे. अमेरिकेतल्या खाजगी टेलिव्हिजनची मिळकत जाहिरातदाराकडून येई. प्रेक्षक फुकट पाहात असे, आणि किती प्रेक्षक जमले त्या हिशेबाने जाहिरातदार पैसे मोजी. म्हणजे खरा विकला जाणारा माल प्रेक्षकच! मालिका तयार करणाऱ्या स्टुडिओला नेटवर्ककडून जी रक्कम मिळे, ती बहुधा खर्चापेक्षा कमी असे. स्टुडिओ तोटा सोसून काम करी, तो एका आशेवर. मालिकेचे शंभराच्या आसपास भाग झाले, की ती गावोगावच्या स्थानिक केंद्रांना रोजच्या प्रक्षेपणासाठी पुन्हा विकता येत असे. सारा नफा या दुसऱ्या विक्रीत असे. आता जी मालिका सहाव्या किंवा अठराव्या भागालाच बंद झाली, तिला दुसऱ्या विक्रीचा बाजार कोठून मिळणार? तिच्या फिती गुदामात जात. शेकडो लेखक, नट, सुतार, दिवेवाले, शिंपी यांची मेहनत कुलपात पडे, आणि ज्यांनी ती पाहिली होती त्यांच्या आठवणीखेरीज तिचा पुरावा उरत नसे.

उदाहरण घेऊ. मार्च १९८२ मध्ये एबीसी नेटवर्कवर 'पोलीस स्क्वॉड!' नावाची विनोदी मालिका सुरू झाली. झकर बंधू आणि जिम अब्राहम्स यांनी ती रचली होती आणि लेस्ली नील्सन हा तीत मुख्य नट होता. चार भाग दाखवून एबीसीने ती बंद केली. उरलेले दोन भाग उन्हाळ्यात उरकून टाकले. कारण काय दिले? तर ही मालिका समजण्यासाठी प्रेक्षकाने पडद्याकडे लक्ष देऊन पाहावे लागते! नेटवर्कच्या अधिकाऱ्याने हे गंभीरपणे सांगितले होते. विनोद पडद्याच्या कोपऱ्यात, मागच्या पाटीवर, नटाच्या मागून जाणाऱ्या माणसाच्या हातात दडलेला असे. भाजी चिरता चिरता ऐकणाऱ्याला तो कळत नसे. परंतु त्याच दशकात हे सहा भाग व्हिडिओ कॅसेटवर विक्रीस आले. कॅसेट थांबविता येते, मागे नेता येते, पुन्हा पाहता येते. जो गुण प्रक्षेपणात दोष ठरला, तोच कॅसेटवर गुण ठरला. १९८८ मध्ये याच मंडळींनी त्याच पोलिसाला घेऊन 'द नेकेड गन' हा चित्रपट काढला आणि तो चांगलाच चालला.

हे घडले ते एका यंत्रामुळे. सोनी कंपनीचे बीटामॅक्स १९७५ मध्ये आणि जेव्हीसीचे व्हीएचएस १९७६ मध्ये जपानात बाजारात आले. घरबसल्या कार्यक्रम फितीवर उतरवून घेता येऊ लागले, तेव्हा हॉलिवूडचे मालक घाबरले. युनिव्हर्सल आणि डिस्ने या कंपन्यांनी १९७६ मध्ये सोनीवर दावा लावला. अखेर १७ जानेवारी १९८४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने निकाल दिला, की नंतर सोयीने पाहण्यासाठी घरी फीत उतरविणे हा गुन्हा नव्हे. गंमत अशी, की ज्या यंत्राला मालकांनी न्यायालयात खेचले, त्याच यंत्राने पुढे त्यांच्या तिजोऱ्या भरल्या. नव्या यंत्राविषयी मालकाची पहिली ओरड खरी धरून चालू नये, हा धडा येथे पहिल्याने मिळतो.

तरीही कॅसेटवर मालिका विकणे अवघडच होते. एका कॅसेटवर बहुधा दोनच भाग देत. वीस भागांच्या मालिकेला दहा कॅसेटी लागत. दुकानदार एवढी जागा देईना, आणि गिऱ्हाईकाच्या घरातली फळी वाकू लागे. १९९७ मध्ये अमेरिकेत डीव्हीडीची तबकडी आली आणि हा प्रश्न सुटला. वहीएवढ्या डब्यात वर्षभराचे सारे भाग मावू लागले. मे २००० मध्ये 'द एक्स-फाइल्स' या मालिकेचे पहिले वर्ष असे एकगठ्ठा विक्रीस आले, आणि लोक पूर्ण मालिका पुस्तकासारखी विकत घेऊन घरी ठेवतात हे व्यापाऱ्यांना कळून चुकले. मग प्रश्न आला, की चाललेल्या मालिका विकल्या जातात, तर न चाललेल्या का नाहीत?

या प्रश्नाचे उत्तर दोन मालिकांनी दिले. पहिली 'फायरफ्लाय'. फॉक्स नेटवर्कने ती सप्टेंबर २००२ मध्ये शुक्रवारी रात्री दाखवावयास घेतली. तीही कशी? कथा ज्या पहिल्या भागाने सुरू व्हावयाची, तो भाग सर्वांत शेवटी दाखविला! चौदा भाग तयार असता अकराच दाखवून डिसेंबरमध्ये मालिका गुंडाळली. प्रेक्षकांनी वर्गणी काढून 'व्हरायटी' या धंद्याच्या पत्रात जाहिरात दिली. तिचा उपयोग झाला नाही. मात्र डिसेंबर २००३ मध्ये चौदाही भाग योग्य क्रमाने तबकड्यांवर आले आणि झपाट्याने खपले. त्या खपाच्या बळावर २००५ मध्ये युनिव्हर्सलने 'सेरेनिटी' हा चित्रपट काढून कथा पुढे नेली. जाहिरातदाराच्या तराजूत जे हलके ठरले, ते स्वतः खिशात हात घालणाऱ्या गिऱ्हाइकाच्या तराजूत जड ठरले.

दुसरी 'फ्रीक्स अँड गीक्स'. पॉल फीग याने रचलेली आणि जड अपटाऊ याने निर्मिलेली ही मालिका १९८० च्या सुमारच्या साध्या शाळकरी मुलामुलींची. एनबीसीने सप्टेंबर १९९९ मध्ये ती सुरू केली, आणि अठरापैकी बारा भाग झाल्यावर बंद केली. चाहत्यांनी सह्यांची मोहीम चालविली, पण तबकडी निघेना. अडचण गाण्यांची होती. कथेत त्या काळातील प्रसिद्ध गाणी ठिकठिकाणी वाजत. एका गाण्याला दोन परवाने लागतात : एक शब्द आणि चाल यांच्या प्रकाशकाचा, दुसरा ध्वनिमुद्रण करणाऱ्या कंपनीचा. टेलिव्हिजनवर वाजविण्याचा परवाना घेतला म्हणजे घरोघरी विकण्याचा परवाना मिळाला, असे होत नाही; तो निराळा घ्यावा लागतो आणि त्याचे दाम निराळे. 'डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी' ही रेडिओ केंद्रावरची मालिका २००७ मध्ये तबकडीवर आली, तेव्हा खर्च वाचविण्यासाठी मूळ गाणी काढून भलतीच वाद्ये भरली होती, आणि रसिक संतापले. 'फ्रीक्स अँड गीक्स'च्या बाबतीत शाउट फॅक्टरी या लहान कंपनीने सर्व गाण्यांचे दाम मोजले आणि एप्रिल २००४ मध्ये मालिका मूळ स्वरूपात बाजारात आणली. एक सहा तबकड्यांचा संच दुकानांसाठी, आणि दुसरा आठ तबकड्यांचा, शाळेच्या वार्षिकासारखे पुस्तक जोडलेला, खास चाहत्यांसाठी.

येथे संग्राहक या माणसाविषयी दोन शब्द बोलले पाहिजेत. त्याला लोक हसतात. फळीवर तबकड्या रचणारा, छापील डब्याची कड दुमडली तर हळहळणारा. पण मालकाने टाकून दिलेले काम सांभाळले ते याच माणसाने. न दाखविलेले भाग, योग्य क्रम, लेखक-दिग्दर्शकांनी चित्राबरोबर सांगितलेली हकीकत, हे सारे त्याच्या मागणीमुळे छापले गेले. त्याचे पैसे अगोदर हाती येतात या भरवशावर २००९ मध्ये वॉर्नर कंपनीने मागणी येईल तशी एकेक तबकडी तयार करून पाठविण्याची पद्धत सुरू केली. हजारो प्रती खपण्याची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. १९९० साली अकरा भागांत बुडालेली 'कॉप रॉक' ही पोलिसांनी गाणी म्हणण्याची विचित्र मालिकादेखील २०१६ मध्ये विक्रीस आली. ती चांगली होती की वाईट, हे आता प्रत्येकाला स्वतः पाहून ठरविता येते. ग्रंथालयाचे कामही हेच असते.

आता चौथा प्रश्न : पैसा कोणाच्या पदरात पडला? केलेले काम पुन्हा विकले गेले तर करणाऱ्याला पुन्हा वाटा मिळावा, हे तत्त्व अमेरिकेतल्या कलावंत-कामगारांनी लढून मिळविले. १९६० मध्ये लेखक आणि नट एकाच वेळी संपावर होते. त्या वेळी वाद होता चित्रपट टेलिव्हिजनला विकल्याचा. १९८० मध्ये नटांनी सुमारे तीन महिने संप केला. त्या वेळी वाद होता कॅसेटी आणि पैसे भरून पाहण्याच्या वाहिन्यांचा. मार्च १९८५ मध्ये लेखकांनी कॅसेटींवरून संप पुकारला, पण संघातच फूट पडली आणि दोन आठवड्यांत संप मोडला. तडजोड काय झाली ती नीट ऐका. फिती बनविण्यास आणि विकण्यास खर्च फार येतो, असे मालकांचे म्हणणे. म्हणून कंपनीच्या हाती येणाऱ्या शंभर रुपयांपैकी ऐंशी बाजूला काढावयाचे, आणि उरलेल्या वीस रुपयांवर लेखकाला दीड टक्का. म्हणजे शंभराला तीस पैसे! पहिल्या दहा लाख डॉलरांनंतर थोडी वाढ, एवढेच.

पुढे कॅसेट गेली, तबकडी आली. तबकडी छापण्यास कॅसेटीच्या मानाने अगदीच थोडे पैसे पडतात. खर्चाचे कारण संपले, तरी ऐंशी रुपये बाजूला काढण्याची रीत तशीच राहिली. लेखकाच्या वाट्याला एका तबकडीमागे चारेक सेंट येत. नोव्हेंबर २००७ ते फेब्रुवारी २००८ असे शंभर दिवस लेखकांनी संप केला. हा दर दुप्पट करावा ही त्यांची मूळ मागणी होती. ती ऐन वेळी मागे घ्यावी लागली आणि सारा जोर इंटरनेटवरील हक्कावर लावावा लागला. माल नवा असतो तेव्हा दर कच्चा ठरतो, आणि कच्चा दर पक्का होऊन बसतो. गिरणीत नवे माग आले तेव्हाचा आपला अनुभव याहून निराळा नाही.

आज गोष्ट आणखी पुढे गेली आहे. मालिका आता तारेवरून घरात येतात आणि कंपनीच्याच गुदामात राहतात. 'विलो' नावाची आठ भागांची मालिका डिस्नेने ३० नोव्हेंबर २०२२ रोजी दाखवावयास घेतली आणि मे २०२३ मध्ये आपल्या सेवेवरून काढून टाकली. तोवर तिची तबकडी निघालेली नव्हती. जुन्या काळी मालिका बंद पडे. आता ती नाहीशी होते. सेवेवर मालिका आहे तोवर कलावंताचा वार्षिक वाटा चालू, काढली की बंद. म्हणजे काढून टाकण्यात मालकाचा फायदा! २०२३ मध्ये लेखकांनी १४८ दिवस आणि नटांनी ११८ दिवस संप केला. १९६० नंतर दोघे प्रथमच एकत्र रस्त्यावर आले. फार पाहिल्या जाणाऱ्या मालिकांसाठी त्यांनी जादा वाटा मिळविला. तो विजय मोठा आहे. पण अल्पायुषी मालिकेला त्याचा उपयोग नाही, कारण ती फार पाहिली जाण्याच्या आतच संपते. गिऱ्हाइकाचीही तीच गत. त्याने 'विकत घेतलेली' वस्तू खरोखर त्याची होत नाही, हे मान्य करून कॅलिफोर्निया राज्याने कायदा केला, की केवळ परवाना देताना 'खरेदी' हा शब्द वापरावयाचा तर तसे स्पष्ट सांगितले पाहिजे. हा कायदा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला.

आपल्याकडे याचा संबंध आहे तो असा. २०१२ मध्ये आपल्या संसदेने कॉपीराइट कायदा दुरुस्त केला. चित्रपटासाठी लिहिणाऱ्या लेखकाला, गीतकाराला आणि संगीतकाराला, चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीत समान वाटा आहे, आणि तो हक्क सोडून देतो असे कंत्राटात लिहून देता येत नाही, असे त्यात ठरले. कायद्यात 'चित्रपट' या शब्दात टेलिव्हिजनवरचे चित्रीकरणही मोडते. गरजू माणूस कोणत्याही कागदावर सही करतो. म्हणून ती सही निरर्थक ठरविणारा कायदा लागतो. किमान वेतनाचे तत्त्व याहून वेगळे नाही. मात्र कायद्याच्या पुस्तकातला वाटा हातात पडावयास संघटना लागते, हे मी या सभागृहात बसलेल्यांना सांगावयास नको.

श्रोतेहो, या साऱ्या इतिहासातून मी एवढेच घेतो. केलेले काम टिकावे अशी इच्छा कामगाराला असते, तशीच रसिकालाही असते. मालकाला ते टिकविण्याची निकड असतेच असे नाही. संग्राहकाने पैसे मोजून मालिका वाचविल्या, आणि संपकऱ्यांनी त्या पैशांतला वाटा मागितला. हे दोघे एकमेकांना फारसे ओळखत नाहीत, तरी एकाच गाडीची ही दोन चाके आहेत. तबकडी विकणारी दुकाने आता कमी होत आहेत. अशा वेळी जो नवा माल येईल, तो घरी ठेवता येईल काय आणि त्याचा वाटा कोणाला, हे दोन प्रश्न दर कच्चा असतानाच विचारावयास हवेत. पक्का झाल्यावर विचारले, तर १९८५ च्या लेखकांप्रमाणे तीस पैशांचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या मांडीत बसावे लागेल.