समुद्राच्या वाटेवरचे नंदुरबार

नंदुरबारला समुद्र नाही. तरीही या गावाचा इतिहास वाचू लागले की खंबायत आणि सुरत ही दोन बंदरे वारंवार भेटतात. बऱ्हाणपूरचा आणि दख्खनचा माल तापीच्या खोऱ्यातून पश्चिमेस उतरत असे, त्या वाटेवरचा हा मोठा मुक्काम. आज आपण नंदुरबारला ओळखतो ते महाराष्ट्राच्या वायव्य टोकाचा, १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला जिल्हा म्हणून. पण ‘टोक’ हा शब्द मुंबई-पुण्याकडून पाहणाऱ्याचा आहे. सुरतेकडून येणाऱ्याला इथे वाटेचा मध्य लागतो. म्हणून एका हिवाळ्यात मी मुद्दाम सुरतेहून गाडी धरली.

नवापूर स्थानकाच्या फलाटावरूनच दोन राज्यांची सीमा जाते. उतारूंना याचे कौतुक वाटते आणि छायाचित्रे काढली जातात. मात्र यातला कालक्रम लक्षात घेण्याजोगा आहे. तापी खोऱ्यातला लोहमार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरचा, आणि सीमा १ मे १९६० ची. त्या दिवशी पश्चिम खानदेशच्या नवापूर, नंदुरबार, तळोदा आणि अक्कलकुवा या तालुक्यांतील काही गावे गुजरातेत गेली. स्थानक होते तिथेच राहिले. रेषा त्याच्यावरून ओढली गेली. सतराव्या शतकात या वाटेने गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने नवापूरची नोंद केली ती तिथल्या तांदळासाठी. दाणा बारीक, भात शुभ्र आणि वास कस्तुरीचा. इराणात कुणाला भेट न्यायची तर या तांदळाचे पोते न्यावे, असे तो सांगतो.

नंदुरबारवरून अशा रेषा अनेकदा गेल्या आहेत. गुजरातच्या सुलतानांकडून ते सोळाव्या शतकात खानदेशच्या फारुकींकडे गेले. ‘ऐन-इ-अकबरी’त ‘नंदुरबार सरकार’ माळवा सुभ्याखाली मांडलेले दिसते. १८१८ नंतर ते इंग्रजांच्या खानदेश जिल्ह्यात आले आणि १९०६ मध्ये पश्चिम खानदेशात. म्हणजे एकच गाव गुजरातचे, माळव्याचे आणि खानदेशाचे झाले. पण त्याही आधी, १३४२ मध्ये दिल्लीहून चीनकडे निघालेला इब्न बतूता दौलताबादेहून खंबायतेकडे जाताना इथे थांबला होता. इथे मराठे राहतात, ते हस्तकौशल्यात निपुण आहेत, वैद्य आणि ज्योतिषी आहेत आणि त्यांचा आहार भात, भाजी व तिळाचे तेल असा आहे, असे त्याने लिहिले. मराठी जनांविषयी परकीयाने केलेल्या जुन्या वर्णनांपैकी हे एक. आणि ते पैठणचे वा देवगिरीचे नसून आपण ज्याला मराठीची कड समजतो त्या गावचे आहे.

गावात शिरलो की पाय आपोआप हुतात्मा चौकाकडे वळतात. ९ सप्टेंबर १९४२ रोजी मिरवणुकीवर झालेल्या गोळीबारात इथे शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्याम शहा हे कोवळे विद्यार्थी पडले. शिरीषकुमार तेव्हा सोळाही पूर्ण नव्हता. त्याची मातृभाषा गुजराती, आणि त्याच्या तोंडची म्हणून सांगितली जाणारी घोषणाही गुजरातीच. मेहता, शहा आणि केतकर ही आडनावे एकाच स्मारकावर शेजारी येतात, यात नंदुरबारकराला काही नवल वाटत नाही. नवल वाटते ते १९६० नंतर शाळेत शिकलेल्या आपल्यासारख्यांना.

इथपर्यंत माझा प्रवास समाधानाचा होता. वहीत इब्न बतूता होता, ताव्हेर्निए होता. आणि गोमाई-तापीच्या संगमावरील प्रकाशाला गेलो तेव्हा बा. कृ. थापर यांचे १९५५ चे उत्खननही आठवत होते, ज्यात ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर सापडले. पण संगमावरून उत्तरेकडे सातपुड्याची निळसर ओळ दिसली, आणि आपल्या वहीत या डोंगराचे एकही नाव नाही हे ध्यानात आले.

प्रवाशांनी वाट लिहिली. वाटेवर जकात होती, कापड होते, तांदूळ होता. डोंगरात यातले काही नव्हते, म्हणून डोंगर त्यांच्या पानांत आला नाही; आला तर लुटारूंचे भय म्हणून. पुढे इंग्रजांनी १८२५ मध्ये आउट्रमच्या हाताखाली भिल्ल पलटण उभारली, तेव्हाही कागदावर आला तो बंदोबस्ताचा विषय म्हणूनच. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. त्यांच्या भिली, पावरी, मावची, देहवाली या बोली तिन्ही राज्यांच्या सीमा ओलांडून पसरल्या आहेत. सरदार सरोवराच्या पाण्यात अक्कलकुव्यातील मणिबेली बुडाली आणि तिथल्या काही कुटुंबांना गुजरातेत जावे लागले; सीमा ओलांडण्याचा हा प्रकार कोणत्याही प्रवासवर्णनात नाही. शहाद्याच्या परिसरातून आलेले वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा संग्रह १९८७ मध्ये आला. इब्न बतूताच्या नोंदीपासून मोजले तर डोंगराच्या बाजूचा हा आवाज छापील मराठीत येण्यास साडेसहाशे वर्षे जवळ आली होती.

सीमेवरच्या गावाचा इतिहास शिकवताना आपण राज्यांच्या सीमा दाखवतो. नंदुरबारात मला त्याहून बळकट वाटली ती लिहिलेल्या आणि न लिहिलेल्या प्रदेशांमधली सीमा. तीही माझ्याच वहीतून गेलेली होती.

परतताना गावाबाहेर पथाऱ्यांवर मिरची वाळत होती. कितीतरी वेळ डोळ्यांत लाल रंग आणि घशात ठसका राहिला. मिरची उलथणाऱ्या बाया आपापसात बोलत होत्या. ती बोली पावरी की मावची, हे मला ओळखता आले नाही. दोन दिवस त्या गावात काढूनही मी ते कुणाला विचारले नव्हते.