श्रमदान ते श्रेयांक : वर्धा जिल्ह्यातील विद्यार्थी-शिबिरांचा इतिहास

दिवाळीनंतर पहिले सत्र संपून थंडी स्थिरावली की वर्धा, हिंगणघाट, आर्वी, देवळी अशा गावांतील महाविद्यालयांचे विद्यार्थी अंथरूण-पांघरूण घेऊन एखाद्या खेड्याच्या शाळेत किंवा समाजमंदिरात सात दिवस मुक्कामाला जातात. पहाटे प्रभातफेरी, सकाळी ग्रामसफाई किंवा शोषखड्ड्यांचे खोदकाम, दुपारी व्याख्यान, ज्याला शिबिराच्या भाषेत ‘बौद्धिक’ म्हणतात, आणि रात्री गावकऱ्यांसमोर पथनाट्य किंवा भजन असा तेथील दिनक्रम ठरलेला असतो. राष्ट्रीय सेवा योजनेचे, म्हणजेच सर्वतोमुखी असलेल्या ‘रासेयो’चे हे विशेष शिबिर महाविद्यालयीन जीवनात इतके रुळले आहे की त्याला काही इतिहास असेल ही शंकाही सहसा कोणाला येत नाही, ज्यांना येते ते तो १९६९ या योजनेच्या स्थापनावर्षापासून मोजतात. वर्धा जिल्ह्यापुरते बोलायचे तर ही मोजणी अपुरी आहे, कारण विद्यार्थ्याने हाताने काम करावे की नाही, करावे तर कशासाठी आणि त्या कामाचा त्याच्या अभ्यासाशी संबंध काय, हा वाद याच जिल्ह्यात त्याआधी तीन दशके पेटला होता आणि १९६९ च्या योजनेत उतरले ते त्या वादातील एका बाजूचे बरेच सौम्य झालेले रूप होते.

या वादाची जागा नेमकी सांगता येते. जमनालाल बजाज आणि श्रीकृष्णदास जाजू यांच्या पुढाकाराने १९१४ साली वर्ध्यात मारवाडी शिक्षा मंडळ स्थापन झाले. पुढे शिक्षा मंडळ म्हणून ओळखल्या गेलेल्या या संस्थेच्या विद्यमाने २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय शिक्षण परिषद भरली. काँग्रेसची मंत्रिमंडळे नुकतीच अधिकारावर आली असल्याने निरनिराळ्या प्रांतांचे शिक्षणमंत्रीही तिला उपस्थित होते. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि उत्पादक हस्तोद्योग हा सर्व शिक्षणाचा कणा, या ठरावांना फारसा विरोध झाला नाही. खळबळ उडाली ती चौथ्या मुद्द्यावर, म्हणजे मुलांच्या उत्पादनातून शिक्षकांचे वेतन हळूहळू निघावे या अपेक्षेवर. सरकारी मदतीने चालणारी शाळा बाजारात माल विकू लागली तर गावच्या कारागिराच्या पोटावर पाय येईल, अशा स्वरूपाचा आक्षेप अर्थशास्त्रज्ञ के. टी. शहा यांनी घेतला, आणि तो गैरलागू होता असे म्हणता येत नाही. डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने डिसेंबर १९३७ मध्ये अहवाल दिला. या समितीत विनोबा भावे, काका कालेलकर, जे. सी. कुमारप्पा यांच्याबरोबर ख्वाजा गुलाम सय्यदैन हे शिक्षणतज्ज्ञही होते. ते नाव पुढे पुन्हा येणार आहे.

अहवालानंतर १९३८ मध्ये सेवाग्रामला हिंदुस्थानी तालिमी संघ उभा राहिला आणि ई. डब्ल्यू. आर्यनायकम् व आशादेवी या दांपत्याने तेथे ‘नई तालीम’ प्रत्यक्षात आणली. हस्तोद्योग, निसर्ग आणि समाज या तीन माध्यमांतून सर्व विषय शिकवण्याच्या या पद्धतीत सूतकताई, शेती, स्वयंपाक आणि सफाई ही कामे अभ्यासाच्या फावल्या वेळात उरकायची नसत, तर त्यांच्यातूनच गणित, भूगोल आणि आरोग्यशास्त्र शिकायचे असे. स्वयंपाकघराचा हिशेब मुले ठेवत आणि संडासाच्या खताची मोजणीही तीच करत. १९४५ च्या सेवाग्राम परिषदेने या कल्पनेचा विस्तार जन्मापासून मरणापर्यंतच्या शिक्षणापर्यंत केला, तेव्हा बुनियादी म्हणजे प्राथमिक टप्प्यानंतरचा उत्तर बुनियादी टप्पा आणि त्याहीवर ग्रामीण विद्यापीठ अशी उतरंड कल्पिली गेली. राधाकृष्णन आयोगाने १९४९ मध्ये ग्रामीण विद्यापीठांची शिफारस केली आणि १९५६ पासून देशात ग्रामीण उच्चशिक्षण संस्था निघाल्या. महाराष्ट्रात अमरावती आणि कोल्हापूर जिल्ह्यातील गारगोटी येथे त्या होत्या. तथापि प्रस्थापित विद्यापीठे आणि नोकरी देणारी खाती यांनी या शिक्षणाला पदवीची किंमत दिली नाही. हाताने काम करून शिकलेला मुलगा कारकुनाच्या जागेसाठीही अपात्र ठरू लागला, तेव्हा पालकांनी त्याला नेहमीच्या शाळेत घातले यात त्यांचा दोष काढता येणार नाही. सेवाग्रामची मूळ शाळा मिटली. ‘आनंद निकेतन’ या नावाने नई तालीम शाळा तेथे पुन्हा सुरू झाली ती थेट २००५ साली.

शिबिराला जे बाह्य रूप मिळाले ते मात्र शाळेतून कमी आणि शाळेबाहेरच्या विदर्भातून अधिक आले. पवनारला राहणारे विनोबा १९४६ पासून जवळच्या सुरगावला रोज पायी जाऊन मैला उचलत असत. अमरावती जिल्ह्यातून निघालेल्या गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन गाव झाडण्याला कीर्तनाइतकेच महत्त्व मिळवून दिले होते, आणि १९३६ मध्ये गांधींच्या निमंत्रणावरून सेवाग्रामला राहून गेलेल्या तुकडोजी महाराजांनी ग्रामसफाई, सामुदायिक प्रार्थना आणि खंजिरीवरील भजन यांची सांगड घालून दिली. वर्धा जिल्ह्यातील महाविद्यालये ज्या नागपूर विद्यापीठाला संलग्न आहेत त्याला २००५ पासून तुकडोजी महाराजांचेच नाव आहे. शिबिराच्या वेळापत्रकाचे सरकारी परिपत्रक दिल्लीहून येत असले तरी पहाटेचा खराटा आणि रात्रीचे भजन याच मातीतले आहे.

विद्यार्थ्यांनी खेड्यात जाण्याचे एक ठळक उदाहरणही महाविद्यालयाच्या आवारातूनच निघाले. शिक्षा मंडळाने १९४० मध्ये वर्ध्यात गोविंदराम सेकसरिया वाणिज्य महाविद्यालय काढले. ‘गांधीवादी योजना’ लिहिणारे श्रीमन् नारायण अग्रवाल त्याचे प्राचार्य होते आणि ठाकुरदास बंग तेथे अर्थशास्त्र शिकवत. बेचाळीसच्या आंदोलनात तुरुंगवास भोगून आल्यावर बंग उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला निघाले होते. अर्थशास्त्र शिकायचे तर खेड्यात जावे, असा सल्ला गांधींनी दिल्यावर त्यांनी तो बेत सोडला आणि आपल्या काही विद्यार्थ्यांना घेऊन ते खेड्यात शेती करायला गेले. हे सात दिवसांचे शिबिर नव्हते, परतीची तारीखही ठरलेली नव्हती. हिंगणघाटला १९१४ मध्ये जन्मलेल्या बाबा आमटे यांनी साठच्या दशकाच्या उत्तरार्धात चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे उन्हाळी श्रमसंस्कार छावणी सुरू केली, तिने महाराष्ट्रभरच्या महाविद्यालयीन तरुणांना कुदळ-फावड्याची ओळख करून दिली. आज रासेयोच्या फलकावर दिसणारा ‘श्रमसंस्कार’ हा शब्द मराठी मुलांच्या कानावर पडला तो प्रामुख्याने या छावणीमुळे.

देशपातळीवर दरम्यान वेगळाच विचार चालला होता. पदवीपूर्वी विद्यार्थ्यांकडून सक्तीची राष्ट्रीय सेवा घ्यावी काय, याचा विचार करण्यासाठी १९५९ मध्ये सी. डी. देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि इतर देशांतील अनुभव तपासण्याचे काम १९६० मध्ये सय्यदैन यांच्याकडे आले. वर्ध्याच्या समितीत उत्पादक श्रमाला शिक्षणाच्या मध्यभागी बसवणाऱ्या या गृहस्थांनी आता शिफारस केली ती ऐच्छिक सेवेची. चीन युद्धानंतर राष्ट्रीय छात्रसेना सक्तीची झाली, काही वर्षांत ती सक्ती नकोशी झाली, आणि कोठारी आयोगाच्या अहवालानंतर तिला पर्याय म्हणून सेवेचा मार्ग पुढे आला. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, तत्कालीन शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांतील ४०,००० विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. नियमित कामाचे दोन वर्षांत २४० तास, महाविद्यालयाने सलग काही वर्षे कामासाठी निवडलेले ‘दत्तक गाव’ आणि तेथील विशेष शिबिर अशी तिची चौकट ठरली. १९७३ च्या दुष्काळात तिच्या शिबिरांचा विषय ‘दुष्काळाविरुद्ध युवक’ असा होता आणि पुढे अस्वच्छता व रोगराई, वृक्षलागवड असे विषय येत गेले. १९३७ शी तुलना केली तर काय सुटले हे लगेच लक्षात येते : श्रम राहिले, पण त्यांतून अभ्यास शिकण्याची अट गेली. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने खड्डा खोदला तरी त्याच्या हिशेबशास्त्राचा त्या खड्ड्याशी काही संबंध उरला नाही.

त्याच वर्षी, त्याच शताब्दीच्या निमित्ताने, सेवाग्रामला वेगळा प्रयोग सुरू झाला आणि या इतिहासात त्याचे स्थान रासेयोपेक्षा मोठे मानावे लागते. गांधींच्या वैद्यकीय सहकारी आणि पुढे केंद्रीय आरोग्यमंत्री झालेल्या डॉ. सुशीला नय्यर यांनी १९६४ मध्ये कस्तुरबा हेल्थ सोसायटी स्थापन केली आणि १९६९ मध्ये जुन्या कस्तुरबा रुग्णालयाला जोडून महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उघडली. खेड्यात निघालेले हे देशातील पहिले वैद्यकीय महाविद्यालय, आणि त्याची पहिली तुकडी ६० विद्यार्थ्यांची होती. प्रवेश घेतलेला विद्यार्थी शवविच्छेदनगृहात पाऊल ठेवण्याआधी सुमारे पंधरा दिवस गांधींच्या आश्रमात राहतो. तेथे प्रार्थना, सूतकताई, सफाई आणि स्वतःचे ताट स्वतः घासणे यांतून त्याची नव्या जगाशी ओळख होते. खादीचा वापर, शाकाहार, सर्वधर्मप्रार्थना आणि श्रमदान हे संस्थेच्या आचारसंहितेचे भाग आहेत. प्रवेशपरीक्षेत गांधीविचारांवर स्वतंत्र प्रश्नपत्रिका असे, ती ‘नीट’ ही देशव्यापी परीक्षा आल्यावर बंद झाली. या नियमांपैकी काहींचा मुलांना जाच वाटणे स्वाभाविक होते, आणि अंगावर खादी आल्याने मनात सेवा उतरते असे मानण्याचे कारणही नाही.

संस्थेचे खरे वेगळेपण दिसते ते तिच्या समाजसेवा शिबिरात. पहिल्या वर्षाची संपूर्ण तुकडी एका दत्तक गावात पंधरवडाभर मुक्काम करते आणि प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही कुटुंबे सोपवली जातात. त्या घरात कोण काय खाते, पाणी कोठून येते, शेत किती आणि कर्ज किती, कोणती लस राहिली, कोणाला किती दिवस खोकला आहे, याची नोंद तो करतो, घरच्यांची तपासणी वरिष्ठ डॉक्टरांकडून करून घेतो, आणि शिबिर संपल्यावरही ठराविक अंतराने त्याच घरी जात राहतो. शरीरशास्त्र व जीवरसायनशास्त्र शिकत असतानाच रक्तक्षय ही चाचणीतील आकड्याबरोबरच ओळखीच्या बाईची दमछाक म्हणून त्याला समजते. रुग्णालयाच्या आसपासच्या गावांत डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली आरोग्यविमा योजना, जिच्यात शेतकरी सुगीला ज्वारीच्या रूपाने वर्गणी देत, तीही याच जवळिकीतून शक्य झाली. पदव्युत्तर प्रवेशासाठी ग्रामीण भागातील दोन वर्षांच्या सेवेची अट संस्थेने घातली, तिच्यामागेही हेच सूत्र होते. नई तालीमचा मूळ आग्रह, म्हणजे काम आणि अभ्यास एकच असणे, प्राथमिक शाळेत हरला आणि वैद्यकीय महाविद्यालयात टिकला, कारण येथे गावातल्या कामाला पदवीची किंमत होती. उत्तर बुनियादीला नेमकी हीच किंमत मिळाली नव्हती.

रासेयोच्या वाट्याला पदवीशी असलेले हे नाते फार उशिरा आले, आणि तेही गुणांच्या वाटेने. प्रमाणपत्राला मिळणारे वाढीव गुण हे तिच्याकडे वळण्याचे एक कारण होतेच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आता समाजसंपर्काच्या कामाला श्रेयांक, म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे अभ्यासभार-एकक, मिळू लागले आहेत. श्रेयांकाने हजेरी वाढेल. पण सात दिवसांनी गाव सोडणारा आणि पुढच्या हिवाळ्यात दुसऱ्या तुकडीला जागा देणारा विद्यार्थी त्या गावाकडून काय शिकला, हे मोजण्याची सोय त्यात नाही. कार्यक्रम अधिकारी म्हणून काम करणाऱ्या अनेक प्राध्यापकांनी मनापासून बंधारे बांधून घेतले, रक्तदान घडवले, व्यसनमुक्तीसाठी दारोदार फिरले, हे नाकारता येत नाही; तरीही ही चांगली कामे वर्गातल्या फळ्यापर्यंत पोहोचली नाहीत आणि त्याला चौकट जबाबदार आहे, माणसे नव्हेत.

सेवाग्रामची कुटुंब-पद्धत मात्र जिल्ह्याबाहेर गेली आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये ‘कुटुंब दत्तक कार्यक्रम’ अभ्यासक्रमात आणला असून, त्यानुसार देशातील प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याला पहिल्या वर्षापासून गावातील काही कुटुंबांच्या आरोग्याची दखल घेऊन पुढील वर्षांत त्यांचा पाठपुरावा करावा लागतो. वाणिज्य, कला आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी अशी तरतूद अद्याप झालेली नाही.