संगमाचे पाणी आणि काविळीचा विषाणू



नृसिंहवाडीस कृष्णा व पंचगंगा यांचा संगम आहे. पावसाळ्यात पाणी चढत चढत मंदिरात शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणद्वाराने बाहेर पडते. त्या पाण्यात स्नान घडावे म्हणून लांबलांबची माणसे येतात. त्या श्रद्धेला धक्का लावण्याचा माझा हेतू नाही. परंतु हेच पाणी गावागावांतून वाहत येते, आणि पाण्यावाटे येणाऱ्या काविळीचा खरा धनी ओळखावयास विज्ञानाला फार काळ लागला. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

कावीळ हे लक्षणाचे नाव, रोगाचे नव्हे. यकृत सुजले की पित्त रक्तात उतरते आणि डोळे पिवळे होतात. बहुतेक रोगी पथ्याने व विश्रांतीने आपोआप बरे होतात. म्हणूनच गळ्यातल्या काविळीच्या माळेला यश येत गेले. जे दगावले त्यांचा हिशेब माळेच्या खाती कोणी मांडला नाही.

या इतिहासातील मोठे प्रकरण दिल्लीचे. १९५५ साली यमुनेचा पूर ओसरल्यावर नजफगढ नाल्याचे घाण पाणी वजिराबादच्या जलकेंद्राकडे वळले. तेथील अधिकाऱ्यांनी तुरटी व क्लोरीन वाढविले. तरीही डिसेंबर व जानेवारीत सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. नवल असे की, त्याच पाण्याने विषमज्वर किंवा हगवण वाढली नाही. म्हणजे क्लोरीनने जंतू मेले. पण दुसरे काहीतरी त्यातून जिवंत निसटले. ते काय होते?

याचे उत्तर त्या विषाणूच्या देहरचनेत आहे. काविळीचे विषाणू एका कुळातले नव्हेत. सारखे आहे ते एवढेच, की ते सारे यकृतावर घाला घालतात. ‘ब’ विषाणूचा व्यास सुमारे ४२ नॅनोमीटर. (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) त्याच्या अंगावर स्निग्ध पदार्थाचे आवरण असते. असे आवरण पित्तापुढे टिकत नाही. म्हणून त्याचा प्रवास रक्तावाटे, सुईवाटे, आईकडून मुलाकडे. ‘अ’ आणि ‘ई’ हे विषाणू त्याहून लहान, सुमारे ३० नॅनोमीटरचे. आतड्यात उतरताना त्यांच्या अंगावर स्निग्ध आवरण नसते. असते ते प्रथिनांचे घट्ट कवच आणि आत आर. एन. ए.चा एक धागा. पोटातले आम्ल, आतड्यातले पित्त, दोन्ही ते सोसतात. मैल्यातून पाण्यात आणि पाण्यातून पुन्हा पोटात, असा त्यांचा फेरा चालतो. वस्त्रगाळ तर सोडाच, साध्या फिल्टरच्या कांडीतूनही ते पार होतात. पाणी गढूळ असले की क्लोरीन त्या गाळावरच खर्ची पडते आणि विषाणूला आसरा मिळतो.

दिल्लीची साथ ‘अ’ विषाणूची, असे पुष्कळ वर्षे मानले गेले. परंतु त्या वेळच्या रोग्यांचा रक्तद्रव जपून ठेवलेला होता. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था व अमेरिकेतील संशोधक यांनी तो तपासून १९८० साली जाहीर केले की, हा ‘अ’ही नव्हे आणि ‘ब’ही नव्हे. पाठोपाठ १९८१ साली कोल्हापूर शहरात पाण्यावाटे काविळीची साथ आली. पुण्याच्याच संशोधकांनी तिचा अभ्यास केला, आणि येथेही तोच निर्णय निघाला. पंचगंगेकाठचे हे शहर अशा रीतीने या इतिहासात नोंदले गेले.

चोराला चेहरा मिळाला तो १९८३ साली. बालायान या रशियन शास्त्रज्ञाने रोग्यांच्या मैल्यापासून केलेला गाळीव अर्क स्वतः पिऊन कावीळ ओढवून घेतली आणि आपल्याच मैल्यात हे कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पुढे त्याला ‘ई’ हे नाव मिळाले.

ज्ञान झाले, पण साथी थांबल्या काय? २०१२ साली उन्हाळ्यात, वाडीच्या वरच्या अंगाला असलेल्या इचलकरंजीत काविळीने थैमान घातले आणि माणसे दगावली. या ‘ई’ काविळीचा सर्वांत क्रूर घाला गर्भवतीवर पडतो; शेवटच्या तिमाहीत ती झाली तर शंभरांत वीसपर्यंत स्त्रिया प्राणास मुकतात. घरात लेक बाळंतपणाला आलेली असेल, तर हा आकडा तिच्या आईने विसरू नये.

एवढ्या चिवट विषाणूचे मर्मस्थान मात्र साधे आहे. पाण्याला खळखळून उकळी आली की त्याचे कवच निकामी होते. चुलीवरचे पातेले हे प्रत्येक घराच्या हातातले शस्त्र आहे. पण नदीत मैला सोडावयाचा आणि घरोघर पाणी उकळावयाचे, हा काही नगराचा धर्म नव्हे. नदीला आपण आई म्हणतो. तिची ओटी भरताना, वरच्या गावाने तिच्यात काय सोडले आणि आपण खालच्या गावाला काय धाडतो, हा हिशेबही एकदा मांडला पाहिजे.