कांचेचा तडा आणि सुटा भाग

सांगली जिल्ह्यांतील कुंडल या गांवाचें नांव महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासांत एका रेल्वे स्टेशनामुळें गोंवलें गेलें आहे. बेळगांवची जागा सोडणें भाग पडलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं कुंडल रोड स्टेशनालगतचा ओसाड माळ दिला, आणि १९१० सालीं तेथें किर्लोस्करवाडी वसूं लागली. पुढें स्टेशनासही तेंच नांव मिळालें. कराडाजवळ १९१६ सालीं ओगले बंधूंचा कांच-कारखाना निघाला, आणि त्याच्या प्रभाकर कंदिलानें खेडोपाडीं उजेड नेला.

एकाचा व्यवहार ओतीव लोखंडाशीं, दुसऱ्याचा कांचेशीं. परंतु दोघांचा वैरी एकच, आणि तो म्हणजे ठिसूळपणा. हे दोन्ही पदार्थ दाब मुकाट्यानें सोसतात. ताण मात्र त्यांना सोसवत नाहीं. आज कंदील माळ्यावर जाऊन घरांत लॅपटॉप आला असतां तोच जुना वैरी नव्या वेषानें पुढें आला आहे. काम आटोपल्यावर चार्जरची तार कळफलकावर तशीच राहते, झांकण मिटलें जातें, आणि पुन्हां उघडून पाहावें तों पडद्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखा तडा पसरलेला असतो.

असें मिटणारें यंत्र १९८२ सालीं अमेरिकेंत ग्रिड कंपास या नांवानें विक्रीस आलें. त्याची घडण बिल मॉग्रिज या इंग्रज आरेखकाची. त्याचें कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचें, जाड आणि भक्कम होतें. पुढील यंत्रें मात्र उत्तरोत्तर पातळ आणि हलकीं होत गेलीं. पडद्याच्या दोन पातळ कांचांमध्यें द्रवस्फटिकाचा अतिसूक्ष्म थर असतो, आणि मिटलेल्या झांकणाखालीं फट अशी जवळजवळ उरतच नाहीं. तारेच्या टोंकाला असलेली बोंडी तेथें मावावी कशी?

या अपघाताचें मर्म घरच्या अडकित्त्यांत सांपडतें. सुपारी खिळीच्या जितकी जवळ धरावी, तितक्या थोड्या जोरांत ती फुटते. लॅपटॉपची बिजागरी ही तीच खिळ होय. झांकणाच्या कडेवर हाताचा भार बेताचाच पडतो, पण बिजागरीशीं अडकलेल्या तारेवर तो अनेकपट होऊन उतरतो, आणि तोही एका टिंबाएवढ्या जागेवर. तेथें कांच वांकते. वांकली कीं तिची एक बाजू दाबली जाते आणि दुसरी ताणली जाते. तडा त्या ताणलेल्या बाजूस सुरू होतो.

हा ताण इतका घातक कां ठरतो, याचें उत्तर ॲलन ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्यानें १९२० सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत दिलें. कांचेच्या पृष्ठावर डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म चिरा असतात. ताण त्यांच्या टोंकाशीं एकवटतो आणि चीर धांवूं लागते. म्हणूनच कांचेचा अगदीं बारीक तंतु जाड कांडीहून प्रमाणानें कितीतरी बळकट भरतो, कारण त्यांत मोठ्या चिरेला जागाच नसते. सारांश, तडा पडण्यास फार मोठा आघात लागत नाहीं. चुकीच्या जागीं पडलेला लहानसा भारही पुरतो.

अपघात मात्र जुन्या काळींही होतच असत. तापलेल्या कंदिलाच्या कांचेवर पाण्याचा थेंब उडाला कीं ती तडकत असे. नांगराचा फाळ जमिनींतल्या दगडावर आदळून मोडत असे. परंतु कांच फुटली म्हणून कोणी कंदील टाकून दिला नाहीं, कीं फाळ मोडला म्हणून नांगर मोडींत घातला नाहीं. लोखंडी नांगरानें जमीन विषारी होते अशी समजूत असलेल्या काळांत लक्ष्मणरावांना पहिला नांगर विकण्यास दोन वर्षें लागलीं. तो नांगर पुढें शेतांत टिकला, याचें एक कारण मोडणारा भाग सुटा होता हेंही होय. कंदिलाची नवी कांच बाजारांतून आणावी, तार उचलून बसवावी, आणि संध्याकाळीं दिवा लावावा, इतकें तें काम सोपें होतें.

लॅपटॉपाच्या बाबतींत हें नेहमींच घडत नाहीं. कित्येक यंत्रांत पडदा निराळा काढतां येतो, पण अतिपातळ यंत्रांत तो झांकणासच चिकटविलेला असतो, आणि एका तड्यापायीं सबंध झांकण बदलावें लागतें. ऊसाच्या बिलांतून मुलाच्या शिक्षणासाठीं यंत्र घेणाऱ्या कुटुंबास हा खर्च जड जातो. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें २०२२ सालीं दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यास समिति नेमली, ती अशाच गाऱ्हाण्यांतून.

ठिसूळपणा हा कांचेचा धर्म आहे. तो कोणत्याही कारखानदारास समूळ घालवितां आलेला नाहीं. मात्र जें फुटणार तें सुटें ठेवणें कारखानदाराच्या हातीं असतें, आणि झांकण मिटण्यापूर्वीं कळफलकावरून एकदां तळहात फिरविणें हें वापरणाराच्या हातीं असतें. कुंडलच्या माळावर आणि कराडच्या भट्टीशीं ज्यांनीं ठिसूळ पदार्थांशीं संसार केला, त्यांना या दोन्ही गोष्टी ठाऊक होत्या.